यमुना खोऱ्यातील स्वयंसेवी जलपरीक्षण

नदीकाठच्या रहिवाशांनी व विद्यार्थ्यांनी पाण्याच्या गुणवत्तेची नियमितपणे केलेली पाहणी. यमुनेची लांबी 1,376 किमी. असून दिल्लीतील वझीराबाद ते ओखला हा सु. 22 किमी.चा पट्टा सर्वाधिक प्रदूषित आहे. नजफगड नाला वझीराबादच्या खाली तिला मिळतो. 2007 मध्ये मनोज मिश्र यांच्या पुढाकाराने ‘यमुना जिये अभियान’ सुरू झाले. काठावरच्या गावांत ‘नदी मित्र मंडळी’ हे गटही उभे राहिले.

नमुना ठरलेल्या जागी, हवेचा बुडबुडा न राहू देता बाटलीत घेतात. त्यात मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड मिसळल्यावर तपकिरी साका बसला, तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला, तर नाही. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू प्रतिलिटर किमान 5 मिग्रॅ. असावा लागतो. स्थळ, वेळ, वास व फेस यांचीही नोंद ठेवतात.

अशा नोंदी प्रमाणित प्रयोगशाळेची जागा घेत नाहीत. मात्र बिघाड कोठे व केव्हा झाला, हे त्यांतून लवकर कळते. दाद मागण्यासाठी कोपर्निकस मार्गावरील फरीदकोट हाऊसमध्ये 2010 च्या कायद्यान्वये स्थापन झालेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. मिश्र यांच्या अर्जावर त्याने 13 जानेवारी 2015 रोजी यमुनेच्या पुनरुज्जीवनाचा निकाल दिला.