हृदयाची नवी झडप
बालपणी घसा बिघडून उद्भवणारा संधिज्वर पुढे हृदयाच्या झडपा निकामी करू शकतो, हे आम्हा मालवण किनाऱ्यावरील कुटुंबांनी जाणून असावे. १९६० साली अमेरिकेत डॉ. स्टार व अभियंते एडवर्ड्स यांनी घडविलेली कृत्रिम झडप रुग्णांना लाभली. परंतु परदेशी झडप आपल्याकडील गरिबांस परवडेना. तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन व सहकाऱ्यांनी स्वदेशी झडप घडविली. आधीचे नमुने चाचणीतच फसले, ते रुग्णाच्या छातीत फसले नाहीत! ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप प्रथम रुग्णास बसविली गेली.

२००२ साली फ्रान्समध्ये डॉ. क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून झडप नेऊन बसविली. या पद्धतीत हृदय डोळ्यांसमोर उघडे नसते. म्हणून आता काही ठिकाणी सीटी स्कॅनवरून संगणकात रुग्णाच्या हृदयाची प्रतिकृती उभारून झडप आधी तेथे बसवून पाहतात. कडेने रक्त पाझरेल काय? हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीचे तोंड झाकले जाईल काय? ठोक्यांचा मार्ग दबून पेसमेकर लागेल काय? फसायचे ते आधीच फसावे, हा जुनाच धडा.

तरीही प्रतिकृती अंदाज देते, हमी नव्हे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे तीन प्रश्न आपण डॉक्टरांना अवश्य विचारावेत. प्रार्थनेला सावधपणाची जोड असावी.