डोंट गिव्ह अप ऑन मी

अमेरिकन सोल गायक सॉलोमन बर्क यांचा २००२ साली फॅट पॉसम या कंपनीने प्रसिद्ध केलेला अल्बम. बर्क मूळचे फिलाडेल्फियाचे; जन्मवर्ष बहुधा १९४० दिले जाते, तथापि त्याबाबत एकवाक्यता नाही. बालवयातच चर्चच्या व्यासपीठावरून प्रवचने करणाऱ्या या गायकाने अटलांटिक कंपनीसाठी गायिलेल्या ‘क्राय टू मी’ (१९६२) आदी गीतांनी सोल संगीताच्या घडणीस मोलाचा हातभार लावला. पुढे मात्र त्यांची कीर्ती बव्हंशी जाणकारांपुरतीच उरली.

निर्माते जो हेन्री यांनी लॉस एंजेलिस येथे अवघ्या चार दिवसांत, गायक व वादक यांना एकत्र बसवून, या ११ गीतांचे ध्वनिमुद्रण केले. बॉब डिलन, टॉम वेट्स, व्हॅन मॉरिसन, एल्व्हिस कॉस्टेलो, ब्रायन विल्सन, निक लो अशा नामवंतांच्या रचना त्यात दाखल आहेत, आणि समीक्षकांनी या नामावळीचेच कौतुक अधिक केले. परंतु अल्बमचा खरा आधार रूडी कोपलँड यांचे ऑर्गन होय. कोपलँड हे बर्क यांच्या चर्चमधील अंध ऑर्गनवादक. डॅन पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या शीर्षकगीतात ऑर्गनचे दीर्घ स्वर पसरलेले असताना बर्क आरंभी जवळजवळ बोलल्यासारखे गातात, शब्दांमध्ये अवकाश ठेवतात, आणि आवाजाचा संपूर्ण विस्तार प्रकट करण्याची घाई कोठेही करीत नाहीत. उतारवयातील भारदस्त कंठाचा असा संयमित विनियोग सोल संगीतात विरळाच. ‘नन ऑफ अस आर फ्री’ या गीतात ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा या गॉस्पेल वृंदाची साथ आहे. उर्वरित वाद्यमेळ मोजका आहे.

अल्बमचे समीक्षकांनी उत्स्फूर्त स्वागत केले. २००३ साली त्यास ‘समकालीन ब्लूज’ या वर्गातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला. बर्क यांचा हा पहिलाच ग्रॅमी. हे वर्गीकरण मात्र समाधानकारक म्हणता येत नाही, कारण येथील गायकीचे मूळ ब्लूजपेक्षा चर्चच्या प्रार्थनागायनात स्पष्टपणे आढळते.

यानंतरचे अल्बम : ‘मेक डू विथ व्हॉट यू गॉट’ (२००५), ‘नॅशव्हिल’ (२००६) इत्यादी. बर्क यांचे निधन १० ऑक्टोबर २०१० रोजी ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर झाले.