हाऊस गल्लीतला बिडाचा पाईप

जुलैमध्ये आमच्या गिरगावातल्या चाळीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीच्या भिंतीला ओल आली. सगळ्यांनी पावसावर ढकललं. ऑगस्टमध्ये सागवानी तुळईचं भिंतीतलं टोक मऊ लागायला लागलं, तेव्हा कुठे मिस्त्रीला बोलावलं. तो हाऊस गल्लीत उतरला, पाईपच्या मागच्या बाजूला हात घातला आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला.

"काका, हा पाईप नाही राहिला. नुसती साल आहे."

बाहेरून पाईप ठणठणीत दिसत होता, रंगसुद्धा शाबूत. बिडाची ही खोडच आहे. हो, बीड म्हणजे घावनाच्या तव्याचं तेच बीड. वर्षानुवर्षं ओल लागली की त्यातलं लोखंड निघून जातं आणि मागे राहतो ग्राफाईट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं असतं ना, ते. आकार तसाच राहतो, ताकद जाते. आणि सुरुवात होते भिंतीकडच्या बाजूने, कारण तिथे रंगाऱ्याचा ब्रश कधी पोचलेलाच नसतो.

दुरुस्तीच्या खर्चावरून मीटिंगमध्ये व्हायचं ते भांडण झालंच. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी हा पाईप तिथे आला कसा ते बघू.

हाऊस गल्ली हा शब्द आपण कचरा टाकायची जागा म्हणून वापरतो. पण १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात त्याची व्याख्या आहे. सांडपाणी वाहून न्यायला आणि संडास साफ करणाऱ्या माणसाला आत जाता यावं म्हणून राखलेली पट्टी. संडासाखाली टोपली असायची. मागून माणूस यायचा, टोपली उचलायचा आणि मैला वाहून न्यायचा. त्या कामासाठी घरपट्टीबरोबर जो कर घेत, त्याचं कायद्यातलं नाव 'हलालखोर कर'. ही माणसं दलित जातींमधली, त्यातली बरीच गुजरात-काठियावाडातून आलेली. चाळीच्या पुढच्या जिन्यावरून त्यांना प्रवेश नव्हता. मागची गल्ली होती ती त्यांच्यासाठी.

शहरात पाणी आधी आलं. १८६० मध्ये विहार तलावाचं, १८९२ मध्ये तानसाचं. पाणी आलं की ते घालवायची सोय लागते, पण गटारं मागेच राहिली. मग सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. त्या काळची समजूत अशी की रोग घाणीतून आणि दुर्गंधीतून पसरतो. म्हणून गटारांमधून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं गेलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो, दुर्गंधीमुळे नाही!

पण चुकीच्या समजुतीतूनही काम चांगलं झालं. बंद पाईपातून मैला जाऊ लागला की पाण्यात मिसळणारी घाण कमी होते, कॉलऱ्याला आळा बसतो. हळूहळू टोपल्या गेल्या, फ्लश आले आणि हाऊस गल्लीच्या भिंतींवर बिडाचे पाईप चढले. एक सॉईल पाईप संडासाचा, एक वेस्ट पाईप मोरीचा. छपराच्या वर जाणारा व्हेंट, त्याच्या टोकाला जाळीची टोपी. मोरीच्या तोंडाशी असतो तो 'नहाणी ट्रॅप'. देशभरातले प्लंबर हाच शब्द वापरतात, आणि तो आपल्या न्हाणीवरून आलाय.

जोड कसा करत? एका पाईपच्या रुंद तोंडात दुसरा बसवायचा, फटीत ताग ठासायचा, वर वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं थंड होताना आकसतं, म्हणून छिणीने गोल फिरत ठोकायचं. नीट ठोकलेला जोड माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो. आमचे वरचे दोन जोड अजून पक्के आहेत.

मग बिघडलं कुठे? १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना छप्पर राहिलं, ते गरजेचंच होतं. पण तेवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना. चाळी कोसळायला लागल्या, बेडेकर समिती नेमली गेली, १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि आपण 'उपकरप्राप्त' झालो. अशा इमारती सुरुवातीला १९ हजारांच्या वर होत्या. दरम्यान आपणही गप्प बसलो नाही. कॉमन संडास नको म्हणून प्रत्येकाने खोलीत संडास काढला आणि तो त्याच जुन्या पाईपला जोडला, व्हेंटशिवाय. वरचा फ्लश झाला की खालच्याच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं, आणि मग वास येतो म्हणून आपणच ओरडतो.

आता मीटिंग. तिसऱ्या मजल्याचं म्हणणं, "आमच्याकडे ओल नाही, आम्ही का द्यायचे?" तळमजला म्हणाला, "घाण वरून येते." मालक फोन उचलत नाही. पाईप खोलीच्या बाहेर आहे, म्हणजे तो सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही.

मी एवढंच विचारलं, की गेले दोन महिने खाली साचलेलं कोण काढत होतं? सगळ्यांना माहीत होतं. दर रविवारी एक सफाई कामगार दोनशे रुपयांत हाताने काढत होता, घोटाभर घाणीत, चपलेवर. हाताने मैला उचलायला लावणं १९९३ पासून कायद्याने बंद आहे, २०१३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. ज्या कामातून माणसाची सुटका व्हावी म्हणून तो पाईप उपयोगी पडला, तेच काम आपण फुटक्या पाईपखाली परत माणसाकडून करून घेत होतो.

कोणी काही बोललं नाही. पण पैसे जमले, सगळ्या मजल्यांचे सारखे.

तुमची इमारत जुनी असेल तर या रविवारी एक करा. हाऊस गल्लीत जाऊन पाईपच्या भिंतीकडच्या बाजूला टॉर्च मारा. गंजाचे ओघळ, जोडातून उगवलेला पिंपळ, भिंतीवर शेवाळाचा उभा पट्टा दिसला तर थांबू नका. मधला तुकडा बदलताना वरच्या बिडाच्या वजनाला आधी ब्रॅकेटचा आधार द्यायला सांगा, नाहीतर वरचे चांगले जोड सुटतात. पीव्हीसी बसवला तर उन्हापासून जपा. आणि खोलीला नवा रंग काढण्याआधी पाईप करा. तुळई कुजते ती तिथूनच.