किड्स कंपनी: मुलांसाठी झटणारी एवढी मोठी संस्था बंद पडली, तेव्हा तिचं संचालक मंडळ काय करत होतं?

एखादी संस्था बेघर, गरीब किंवा घरच्या छळाला कंटाळलेल्या मुलांसाठी काम करत असेल, तर तिचा चेहरा म्हणून आपल्याला एकच माणूस आठवतो. तो म्हणजे संस्थापक. भाषणं त्याची, मुलाखती त्याच्या, पुरस्कारही त्यालाच. पण कागदावर त्या संस्थेची जबाबदारी असते दुसऱ्याच काही लोकांवर. ते महिन्या-दोन महिन्यांनी बैठकीला येतात, हिशेब बघतात, सह्या करतात. त्यांना कुठे विश्वस्त म्हणतात, कुठे संचालक. त्यांची नावं सहसा कुणाला माहीत नसतात.

संस्था बुडते तेव्हा मात्र पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो. ब्रिटनमधल्या 'किड्स कंपनी'च्या बाबतीत नेमकं हेच झालं. हे प्रकरण २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्यावरचे निकाल पुढे २०२२ पर्यंत येत राहिले. सामाजिक संस्थेचं मंडळ कशासाठी असतं, हे समजून घ्यायचं असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

किड्स कंपनी काय होती?

कॅमिला बॅटमॅनगेलिज या मूळच्या इराणच्या. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९९६ मध्ये त्यांनी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागात रेल्वे पुलाच्या कमानींखाली ही संस्था सुरू केली. घरात मार खाणारी, शाळेतून काढलेली, टोळ्यांच्या नादी लागलेली मुलं तिथे यायची. त्यांना जेवण, कपडे, समुपदेशन मिळायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणीतरी मोठं माणूस त्यांच्याकडे लक्ष द्यायचं.

संस्थेचं तत्त्व साधं होतं. मदत मागायला आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही. त्यासाठी कुठल्या सरकारी खात्याची चिठ्ठी लागत नव्हती, मूल स्वतः चालत येऊ शकत होतं.

हे काम लोकांना भावलं. कोल्डप्ले बँडने मोठ्या देणग्या दिल्या. लेबर आणि काँझर्व्हेटिव्ह, दोन्ही पक्षांच्या सरकारांनी पैसे दिले. पंतप्रधान डेव्हिड कॅमरन या कामाचे जाहीर चाहते होते. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने (आपल्याकडच्या कॅगसारखी यंत्रणा) ऑक्टोबर २०१५ मध्ये हिशेब मांडला. त्यानुसार संस्थेला एकूण किमान ४ कोटी ६० लाख पौंड सार्वजनिक पैसा मिळाला होता. त्यातले किमान ४ कोटी २० लाख थेट केंद्र सरकारच्या अनुदानाचे होते.

मंडळावर कोण होतं?

किड्स कंपनी ही कायद्याने कंपनी होती आणि धर्मादाय संस्थाही. त्यामुळे तिचे विश्वस्त हेच तिचे संचालक होते. कंपनीच्या संचालकाला लागू होणारे नियम त्यांनाही लागू होते. मात्र त्यांना पगार नव्हता. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांचे विश्वस्त सहसा बिनपगारी काम करतात.

२००३ पासून शेवटपर्यंत अध्यक्ष होते ॲलन येंटोब. ते बीबीसीतले मोठे अधिकारी होते. मंडळावरचे बाकीचे लोकही आपापल्या क्षेत्रात नाव कमावलेले होते.

स्वतः बॅटमॅनगेलिज मंडळावर नव्हत्या. त्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या, म्हणजे पगारी कर्मचारी. कागदावर मंडळ मालकाच्या जागी होतं आणि संस्थापक मंडळाला उत्तर देणाऱ्या. सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे. जिच्यामुळे पैसा येतो, जिच्यामुळे मुलं येतात, जिला पंतप्रधान ओळखतात, त्या व्यक्तीला 'यावर्षी एवढीच मुलं, यापेक्षा जास्त नाही' असं सांगणार कोण?

गाडी अडली कुठे?

'कुणालाही परत पाठवायचं नाही' हे तत्त्व मनाला पटतं, पण हिशेबाला जड जातं. मुलं किती येतील ते आपल्या हातात नाही. ती आली की खर्च होणारच. आणि देणगी किती येईल हेही आपल्या हातात नाही.

अशा संस्थेला राखीव निधी लागतो. अनुदान दोन महिने उशिरा आलं तरी पगार होतील, इतका पैसा बाजूला हवा. किड्स कंपनीचं २०१३ चं उत्पन्न सुमारे २ कोटी ३० लाख पौंड होतं आणि राखीव निधी ५ लाख पौंडांपेक्षाही कमी. म्हणजे पैसे यायचे थांबले, तर संस्था जेमतेम आठवडाभर तग धरेल अशी स्थिती.

ही अडचण एका रात्रीत आलेली नव्हती. २००३ मध्येच कर खात्याने संस्थेची लाखो पौंडांची थकबाकी माफ केली होती. सरकारी अधिकारी संस्थेच्या आर्थिक स्थितीबद्दल वेळोवेळी चिंता व्यक्त करत होते. पण दर वेळी शेवटच्या क्षणी कुणीतरी धावून यायचं. कधी सरकार, कधी एखादा श्रीमंत देणगीदार. सवयच अशी पडली की संकट आलं, तरी निभावून जाईल.

मग ५ ऑगस्ट २०१५ ला काय झालं?

२०१५ च्या उन्हाळ्यात संस्था लहान करायची, खर्च कापायचा, असा आराखडा ठरला. त्यासाठी सरकारने ३० लाख पौंड द्यायचे आणि तेवढेच पैसे खासगी देणगीदारांनी उभे करायचे, असं बोलणं झालं.

कॅबिनेट ऑफिसच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला हे पटलं नाही. सरकारी पैशाचा हा योग्य वापर नाही असं वाटल्याने त्यांनी मंत्र्यांकडे लेखी आदेश मागितला. ब्रिटनमध्ये अधिकारी असं क्वचितच करतात. मंत्र्यांनी आदेश दिला आणि ३० जुलैला पैसे खात्यात गेले.

त्याच सुमारास बातमी फुटली की संस्थेच्या केंद्रांमध्ये मुलांवर अत्याचार झाल्याच्या आरोपांवरून पोलीस चौकशी करत आहेत. देणगीदारांनी हात मागे घेतला. या अनुदानातले काही पैसे अटी डावलून पगारासाठी वापरले गेले, असं म्हणत सरकारनेही पैसे परत मागण्याची भाषा सुरू केली. ५ ऑगस्टला संस्थेने दारं बंद केली.

पुढे जानेवारी २०१६ मध्ये पोलिसांनी चौकशी थांबवली. गुन्हा झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण तोवर संस्था उरली नव्हती.

मुलांचं काय झालं? त्यांच्या फायली स्थानिक पालिकांकडे गेल्या. संस्था ३६ हजार लोकांपर्यंत पोचत असल्याचं सांगत होती, प्रत्यक्षात सोपवलेल्या फायली २ हजारांहून कमी निघाल्या. यावरही वाद झाला, कारण ३६ हजारांत वर्गातली मुलं, पालक, शिक्षक असे सगळे धरलेले होते. आकडा कुठलाही धरला तरी एक गोष्ट खरी. ज्या मुलांच्या आयुष्यात हीच एक कायमची जागा होती, त्यांना दुसरी जागा शोधायला एक दिवसही मिळाला नाही.

दोष कोणाचा? तीन ठिकाणी तीन उत्तरं

पहिलं उत्तर संसदेचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये संसदीय समितीने विश्वस्तांवर कडक ताशेरे ओढले. पैशाचा कारभार निष्काळजीपणे झाला आणि मंडळाने संस्थापकांना पुरेसं आव्हान दिलं नाही, असा सूर होता. मंत्री, नियामक आणि ऑडिटर यांनाही समितीने सोडलं नाही. येंटोब यांनी त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये बीबीसीतलं क्रिएटिव्ह डायरेक्टरचं पद सोडलं होतं.

दुसरं उत्तर कोर्टाचं. सरकारच्या ऑफिशियल रिसीव्हरने ७ माजी संचालक आणि बॅटमॅनगेलिज यांना काही वर्षं कुठल्याही कंपनीवर संचालक होण्यास बंदी घालावी, असा दावा केला. लंडनच्या हायकोर्टात न्यायाधीश फॉक यांच्यापुढे तो चालला. १२ फेब्रुवारी २०२१ ला निकाल आला आणि दावा फेटाळला गेला. अत्याचाराचे निराधार आरोप झाले नसते, तर संस्था सावरण्याची शक्यता जास्त होती, असं कोर्टाने म्हटलं. बॅटमॅनगेलिज या नेमणूक नसतानाही प्रत्यक्षात संचालकच होत्या, हेही कोर्टाने मान्य केलं नाही. बिनपगारी काम करणाऱ्या सक्षम लोकांना अशा कारवायांची धास्ती बसली तर कुणी विश्वस्त व्हायला तयार होणार नाही, याकडेही निकालात लक्ष वेधलं होतं.

तिसरं उत्तर नियामकाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये चॅरिटी कमिशनने आपला अहवाल दिला. अप्रामाणिकपणा आढळला नाही. पण लोकांची देणी वेळेवर दिली गेली नाहीत, त्यात कर खातं आणि स्वतःचे कर्मचारीही होते. याला कमिशनने गैरव्यवस्थापन म्हटलं.

ही उत्तरं वरवर एकमेकांविरुद्ध वाटतात. पण तिन्ही ठिकाणी प्रश्नच वेगवेगळे होते. कोर्टाने तपासलं की हे लोक संचालक म्हणून अपात्र ठरतात का. कमिशनने तपासलं की कारभार नीट होता का. माणसं प्रामाणिक असू शकतात, कायद्याच्या चौकटीत असू शकतात, आणि तरीही संस्था काठावर चालत असू शकते. मंडळाचं काम कायद्याच्या कचाट्यात न सापडण्याइतकं मर्यादित नाही. संस्थेला काठापासून लांब ठेवणं हे त्याचं काम आहे.

२०१७ साली इंग्लंडमधल्या धर्मादाय संस्थांसाठी नवी कारभार संहिता आली. तिच्यात एक शिफारस होती: कुणी ९ वर्षांहून जास्त काळ विश्वस्त राहणार असेल, तर त्या नेमणुकीची कसून तपासणी व्हावी. येंटोब १२ वर्षं अध्यक्ष होते. एकाच टेबलाभोवती इतकी वर्षं बसल्यावर अवघड प्रश्न विचारणं जड जातं, हे त्यामागचं शहाणपण.

बॅटमॅनगेलिज यांचं १ जानेवारी २०२४ ला आणि येंटोब यांचं मे २०२५ मध्ये निधन झालं.

आपल्याकडे हे कसं चालतं?

महाराष्ट्रात बहुतेक सामाजिक संस्था 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०' खाली येतात. त्यावर देखरेख धर्मादाय आयुक्तांची. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने सोसायटी काढायची तर किमान ७ सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था न्यास म्हणूनही नोंदवली जाते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनीही काढता येते. तिथे मात्र विश्वस्त नसतात, संचालक असतात.

काही नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत:

• विश्वस्त बदलला, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो.
• न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची तर आयुक्तांची आधी परवानगी लागते.
• गंभीर गैरकारभार आढळला तर आयुक्त विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढूनही टाकू शकतात.

म्हणजे 'मी फक्त नावापुरता आहे' हे उत्तर चालत नाही. आपल्याकडे संस्था काढताना ७ नावं पुरी करण्यासाठी काका, मेहुणी, शेजारी अशा सह्या घेतल्या जातात. सही केली की जबाबदारी आली.

देणगी देण्याआधी काय बघाल?

एखाद्या संस्थेचा रील बघून डोळ्यांत पाणी आलं, क्यूआर कोड समोर आहे, तर पैसे पाठवण्याआधी पाच मिनिटं काढा.

१. मंडळावर कोण आहे? नावं वेबसाइटवर आहेत का? सगळे एकाच घरातले आहेत का? धर्मादाय कार्यालयात न्यासाचा 'शेड्यूल वन' उतारा मिळतो, त्यावर विश्वस्तांची नावं असतात. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरही नोंद केलेल्या संस्था शोधता येतात.

२. ऑडिट झालेला ताळेबंद आहे का? आणि तो गेल्या वर्षीचा आहे की चार वर्षं जुना?

३. पैसा किती ठिकाणांहून येतो? एकाच देणगीदारावर संस्था उभी असेल, तर तो गेला की सगळं थांबतं.

४. राखीव निधी किती महिन्यांचा आहे? बँकेत पैसे पडून आहेत म्हणून संस्थेला नावं ठेवू नका. तोच पैसा वाईट महिन्यात मुलांना सांभाळतो.

५. संस्थापकाला नाही म्हणणारं कुणी आहे का? हे कागदावर दिसत नाही, पण हिशेब मागितल्यावर संस्था चिडते की शांतपणे पाठवते, यावरून बरंच कळतं.

आणि उद्या तुम्हालाच अशा मंडळावर येण्याचं बोलावणं आलं तर? नक्की जा. चांगल्या संस्थांना चांगल्या माणसांची गरज आहे. फक्त पहिल्याच बैठकीत विचारा, 'पुढचे तीन महिने एक रुपयाही आला नाही, तर आपल्या मुलांचं काय करायचं?' याचं उत्तर तयार नसेल, तर तुमचं पहिलं काम तुम्हाला मिळालं.