चिमूरचा दवाखाना आणि कायद्याचा पैसा

चिमूर म्हटलें कीं मराठी माणसाला १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस आठवतो. त्या दिवसाची हकीकत, त्यानंतरचे खटले, फांशीच्या शिक्षा आणि प्रा. भन्साळी यांचें त्रेसष्ट दिवसांचें उपोषण हीं सर्वश्रुत आहेत. परंतु त्याच गांवाला आणखी एक इतिहास आहे, आणि त्यांत मिरवणूक नाहीं कीं गोळीबार नाहीं. आजारी माणसाच्या औषधपाण्याचा खर्च कोणीं सोसावा, हें ठरविणाऱ्या कायद्यांचा तो इतिहास होय. कायदे झाले नागपुरास, मुंबईस, क्वचित् दिल्लीस. हिशेब मात्र चिमूरच्या शेतकऱ्याला आपल्या कनवटीस हात घालून करावा लागला.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि चांदा जिल्हा इंग्रजी अंमलाखालीं आला. चिमूर त्या वेळेपासून पुष्कळ वर्षें वरोरा तहशिलींतलें गांव. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला व दुसऱ्याच वर्षीं मध्यप्रांतांत त्याचा कायदा झाला. जिल्हा कौन्सिलें व लोकल बोर्डें अस्तित्वांत आलीं. रस्ते, शाळा, कोंडवाडे यांच्याबरोबर दवाखान्यांचा भारहि त्यांच्या अंगावर पडला. १९२० सालीं या कायद्याची जागा नव्या कायद्यानें घेतली.

पण दवाखान्याला पैसा कोठून यावयाचा? मुख्यतः जमीनमहसुलावर बसविलेल्या उपकरांतून. सारी गोम येथेंच आहे. नागपूर-वर्ध्याकडील कपाशीच्या काळ्या जमिनीवर महसूल चांगला, म्हणून उपकरहि चांगला. चांदा जिल्ह्याचा मोठा भाग म्हणजे अरण्य. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव झालेल्या रानावर शेतसारा नाहीं, आणि शेतसारा नाहीं तेथें उपकर नाहीं. आलापल्लीच्या सागाची कीर्ति सर्वदूर होती, परंतु त्या सागाचें उत्पन्न प्रांताच्या तिजोरींत जाई; जिल्हा कौन्सिलच्या पेटीशीं त्याचा संबंध नसे. ज्या रानानें हिवताप दिला, त्याच रानाचा पैसा कुनैनच्या खर्चाला हक्कानें मागतां येत नव्हता! सरकार अनुदान देई हें खरें. तथापि हक्काचें उत्पन्न निराळें आणि मर्जीचें अनुदान निराळें, हें घरखर्च चालविणाऱ्या कोणाहि गृहिणीला सांगावयास नको.

१९१९ च्या सुधारणांनीं वैद्यकखातें व आरोग्यखातें लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलें. खजिना मात्र राखीव बाजूस राहिला. दवाखाने उघडण्याची इच्छा एकाची आणि थैलीची दोरी दुसऱ्याच्या हातांत, असा तो संसार होता.

स्वातंत्र्य आल्यावर १९४८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें जनपदांचा कायदा केला. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांची ही योजना. जिल्ह्याऐवजीं तहशील हा घटक धरून तेथेंच जनपद सभा नेमावी, म्हणजे कारभार लोकांच्या दाराशीं येईल, अशी तिची कल्पना. कल्पना सुंदर होती. पण कारभार जवळ आला कीं पैसाहि जवळ येतो असें नाहीं. उलट घटक लहान झाल्यानें गरीब तहशिलीला आपल्याच गरिबीवर अधिक विसंबावें लागण्याचा धोका होता. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला आणि १९६१ च्या कायद्यानें १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक आरोग्यकेंद्रें जिल्हा परिषदेकडे आणि मोठीं रुग्णालयें राज्यशासनाकडे, ही विभागणी त्यानंतरची. पगार व औषधें बव्हंशीं राज्याच्या अनुदानांतून येऊं लागल्यानें उपकराची जुनी बेडी ढिली झाली. पुढें चिमूर स्वतंत्र तालुका झाला व तेथें शासनाचें उपजिल्हा रुग्णालयहि उभें राहिलें.

मुंबईकडून आलेल्या कायद्यांत एक मोठा लक्षणीय आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यांत मागाहून कलम ४१ कक घालण्यांत आलें. सरकारी सवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठीं व दहा टक्के दुर्बल घटकांसाठीं राखाव्या, असा त्याचा आशय. मुंबई उच्च न्यायालयानें मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू झाली. तींत निर्धनांना उपचार विनामूल्य आणि दुर्बलांना सवलतीच्या दरानें मिळावयाचे. कायदा न्याय्य आहे यांत शंका नाहीं. परंतु धर्मादाय रुग्णालयें उभीं राहतात तीं दाते असतील तेथें, आणि मोठे दाते असतात शहरांत. मुंबई-पुण्याच्या निर्धनाला ही खाट रस्त्यापलीकडे; चिमूरच्या निर्धनाला नागपूर सुमारें शंभर किलोमीटर, चंद्रपूरहि जवळजवळ तितकेंच.

कोविडच्या सांथींत कायद्यानें प्रथमच खासगी रुग्णालयाच्या बिलाला सरळ हात घातला. त्यासाठीं जे अधिकार वापरण्यांत आले, त्यांत मुंबईच्या प्लेगाच्या वेळचा १८९७ चा सांथरोग कायदाहि होता. मे २०२० मध्यें राज्यानें दर ठरवून दिले: साध्या विलगीकरण कक्षास दिवसाला ४,००० रुपये, कृत्रिम श्वसनयंत्रासह अतिदक्षता कक्षास ९,००० रुपये. वर्षभरानें, जून २०२१ मध्यें, गांवांच्या तीन श्रेणी पाडण्यांत आल्या. नागपूर पहिल्या श्रेणींत, चंद्रपूर जिल्ह्याचें ठाणें म्हणून दुसऱ्या, आणि चिमूर तिसऱ्या. कक्षाचा दर अनुक्रमें ४,०००, ३,००० आणि २,४०० रुपये. दर गांवाच्या मानानें ठरला हें समंजसच. मात्र ज्याची प्रकृति बिघडत गेली, त्याला स्वस्त श्रेणींतून महाग श्रेणीकडे जावें लागे. गरिबाचा आजार जसा वाढे, तसा कायद्यानें नेमलेला दरहि वाढत जाई.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य झाले. चिमूरच्या रुग्णालयांतील केसपेपराचा पैसाहि त्यामुळें सुटला. वैद्यकीय शिक्षण विभागाचीं रुग्णालयें त्या निर्णयाबाहेर होतीं; चंद्रपूरचें २०१५ मधलें आणि नागपूरचें १९४७ मधलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच विभागाचें. चिमूरहून पुढें पाठविलेला रोगी बहुधा यांपैकीं एखाद्या दारांत उतरतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी त्याला फुकट नेते. परत येतांना बाळंतीण व तान्हें मूल यांना घरपोंच सोडण्याची तजवीज २०११ च्या जननी-शिशु योजनेंत आहे. बाकीचे बहुतेक रोगी आणि त्यांच्याबरोबर आलेलीं माणसें नागपूरच्या स्थानकावर चिमूरची एस्‌. टी. पाहत उभीं असतात, तिकिटाचे पैसे मोजून हातांत धरलेलीं.