आवाजाचा अधिकार

नाशिक येथे ३ ते ५ डिसेंबर २०२१ या काळात ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. कुसुमाग्रजांच्या या गावी अध्यक्षपदाचा मान खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांना मिळाला. विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाकडे हे पद येण्याची ती पहिलीच वेळ. विज्ञानकथा म्हणजे मुलांची करमणूक, अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती. परंतु या वाङ्मयप्रकाराचा सत्तेशी आणि लोकांच्या मनाशी किती निकटचा संबंध येतो, हे नारळीकरांच्या जन्मवर्षीच, म्हणजे १९३८ साली, अमेरिकेत दिसून आले होते. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

३० ऑक्टोबर १९३८, रविवारची रात्र. कोलंबिया नभोवाणीवरून तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे नभोनाट्य सादर केले. एच. जी. वेल्स यांची मूळ कादंबरी १८९८ ची आणि इंग्लंडात घडणारी. मंगळावरील जीव पृथ्वीवर चालून येतात, हे तिचे कथानक. संहिताकार हॉवर्ड कोच यांनी ते न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिल या खेड्यात आणले आणि बातमीपत्राच्या रूपात मांडले. नृत्यसंगीत चालू आहे, मध्येच ते थांबवून निवेदक बातमी देतो. प्रिन्स्टनचे एक प्राध्यापक शास्त्रीय मत सांगतात. घटनास्थळावरून बोलणाऱ्या वार्ताहराचा आवाज एकाएकी तुटतो आणि काही क्षण नुसती शांतता पसरते. पुढे एक मंत्री राष्ट्राला धीर देतो. त्याचा स्वर अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या स्वरासारखा काढला होता. हे नाटक आहे, असे आरंभी सांगितले होते. पण उशिरा ऐकू लागलेल्यांना पुढची सूचना मिळेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे उलटली होती. महिन्यापूर्वीच म्युनिक करार झालेला. युरोपातील युद्धाच्या छायेत बातम्यांसाठी कार्यक्रम थांबण्याची लोकांना सवय जडली होती.

काही लोक खरोखरच घाबरले. मात्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी सारा देश भयाने रस्त्यावर आल्याचे चित्र रंगविले. त्याच रात्री पाच हजार घरांत दूरध्वनीवरून झालेल्या पाहणीत जेमतेम दोन टक्के लोक हा कार्यक्रम ऐकत असल्याचे आढळले होते. पुढे १९४० साली हॅडली कँट्रिल यांच्या अभ्यासाने श्रोत्यांची संख्या साठ लाख आणि भ्यालेल्यांची बारा लाख मानली. आजचे अनेक अभ्यासक हे आकडे फुगलेले समजतात. मंदीच्या त्या वर्षांत नभोवाणी वृत्तपत्रांच्या जाहिराती ओढून घेत होती. हे नवे साधन बेजबाबदार आहे, असे दाखविण्यात वृत्तपत्रांचा लाभ होता, याकडे हे अभ्यासक लक्ष वेधतात. म्हणजे नाटकाने काहींना एक रात्र फसविले. नाटकाविषयीच्या बातमीने जगाला कित्येक दशके फसविले.

याच कथेने दक्षिण अमेरिकेत मात्र प्राण घेतले. १२ फेब्रुवारी १९४९ रोजी इक्वेडोरची राजधानी कीटो येथील रेडिओ कीटोने तिचे स्पॅनिश रूपांतर प्रसारित केले. त्यात मंत्री आणि नगराध्यक्ष यांच्या आवाजांची नक्कल होती. लोक घाबरून बाहेर पडले. हे सारे नाटक होते, असे कळताच भीतीचे रूपांतर संतापात झाले. ‘एल कोमेर्सिओ’ हे वृत्तपत्र आणि नभोवाणी केंद्र एकाच इमारतीत होते. जमावाने ती पेटवून दिली. त्या आगीत किमान सहा माणसे मृत्युमुखी पडली.

दोन्ही ठिकाणी श्रोत्यांच्या बुद्धीला दोष देऊन भागणार नाही. लोकांनी विश्वास ठेवला तो मंगळावरील जीवांवर नव्हे. मंत्री, प्राध्यापक, निवेदक यांच्या अधिकारवाणीवर. आवाज ओळखीचा वाटला की मजकूर तपासण्याची गरज भासत नाही. सत्तेसाठी कारस्थान करणाऱ्यांना हे नेमके ठाऊक असते.

या पार्श्वभूमीवर नारळीकरांची एक कृती आम्हांला फार मोलाची वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. तोवर त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षे झाली होती. त्यांचे नाव पाहताच परीक्षक दबले असते. म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, ते केवळ कथेच्या गुणावर. वेल्सच्या नाटकातील खोट्या शास्त्रज्ञाने पदाचा आधार घेऊन लोकांना पटविले. या खऱ्या शास्त्रज्ञाने आपले पद दाराबाहेर ठेवले.

२० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर निवर्तले. आज कोणाचाही आवाज यंत्राने हुबेहूब तयार करता येतो आणि निवडणुकीच्या दिवसांत तसे ध्वनिमुद्रण घरोघरच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडू शकते. अशा वेळी कोण बोलत आहे एवढ्यावर न थांबता काय बोलले जात आहे, ते दुसरीकडे कोठे पडताळता येते का, आणि ते खरे मानल्याने कोणाचा लाभ होतो, हे तीन प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांसमवेत बसून विचारावेत. १९३८ साली ज्यांना संशय आला, त्यांपैकी काहींनी केवळ दुसरे केंद्र लावून पाहिले. तेथे नेहमीचा कार्यक्रम चालू होता.