वायुवाहित संक्रमण, वास्तूंतील

रुग्णाच्या श्वासोच्छ्‌वासातून, बोलण्या-गाण्यातून अथवा खोकण्या-शिंकण्यातून बाहेर पडलेले सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. त्यांतील विषाणू (व्हायरस) दुसऱ्या व्यक्तीच्या श्वसनमार्गात शिरल्यास होणाऱ्या रोगप्रसारास वायुवाहित संक्रमण म्हणतात. मोकळ्या जागी हे कण त्वरित विरळ होतात. शाळा, रुग्णालये, कार्यालये, निवासी इमारती अशा अनेकांच्या वापरातील वास्तूंत मात्र हवा पुरेशी बदलत नसल्यास ते साचत जातात. त्यामुळे या संक्रमणाच्या अभ्यासात रोगाइतकेच वास्तूच्या रचनेलाही महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : दूषित हवेमुळे रोग उद्‌भवतात, ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्यकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत रूढ होती. म्यूनिक येथील माक्स फोन पेटेनकोफर (१८१८–१९०१) यांनी १८५८ मध्ये खोलीतील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रमाणावरून तेथील वायुवीजन अजमावण्याची पद्धत सुचविली व त्यासाठी ०·१ टक्का ही मर्यादा घालून दिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी नोट्स ऑन नर्सिंग (१८५९) या ग्रंथात रुग्णाच्या खोलीतील हवा शुद्ध राखण्यास शुश्रूषेत अग्रस्थान दिले. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्‌भवल्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांत हवा व उजेड आणण्याचे या संस्थेचे प्रयत्नही बऱ्याच अंशी याच विचारसरणीस अनुसरून होते. तथापि गाठीचा प्लेग पिसवांमुळे, पटकी पाण्यामुळे व हिवताप डासांमुळे पसरतो, हे सिद्ध झाल्यावर हवेविषयीचा जुना सिद्धांत निराधार ठरला.

ब्रेस्लौ (सध्याचे व्ह्‌रॉट्‌स्लाफ, पोलंड) येथील कार्ल फ्ल्यूगे (१८४७–१९२३) यांनी १८९७ मध्ये बोलताना व खोकताना उडणाऱ्या तुषारांतून सूक्ष्मजंतू पसरतात, हे दाखविले. यांपैकी मोठे तुषार थोड्याच अंतरावर खाली पडतात. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन (१८५६–१९४१) यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्यक्ष संपर्क व निकटचे तुषार यांवरच भर दिला. हवा हेच रोगाचे मुख्य वाहन आहे, अशी लोकांची खात्री असेपर्यंत त्यांना संपर्क टाळण्याचे महत्त्व पटविता येणार नाही, असे त्यांचे मत होते. हवेतून होणारा दूरचा प्रसार सिद्ध झालेला नाही, ही त्यांची भूमिका पुढे तो होतच नाही, अशा स्वरूपात रूढ झाली आणि सार्वजनिक आरोग्यशास्त्रावर तिचा प्रभाव दीर्घकाळ टिकला.

प्रायोगिक पुरावा : विल्यम फर्थ वेल्स (१८८७–१९६३) यांनी १९३४ मध्ये तुषार जमिनीवर पडण्यास लागणारा काळ व त्यातील पाण्याचे बाष्पीभवन होण्यास लागणारा काळ यांची तुलना केली. सुमारे १०० मायक्रॉनहून मोठे तुषार सुकण्यापूर्वी खाली पडतात, तर त्याहून लहान तुषार वाटेतच सुकून त्यांची केंद्रके हवेत तरंगत राहतात, असे त्यांनी मांडले. त्यांनी व मिल्ड्रेड वीक्स वेल्स यांनी फिलाडेल्फियाजवळच्या शाळांतील वर्गांच्या वरच्या भागात जंबुपार किरणांचे दिवे बसविले. १९४१ मधील गोवराच्या साथीत अशा वर्गांत रोगाचे प्रमाण बरेच कमी आढळले. इतरत्र केलेल्या प्रयोगांत असे यश आले नाही. त्यांपैकी काही ठिकाणची मुले दिवे नसलेल्या एकाच बसमधून शाळेत येत असत. परंतु या अपयशामुळे मूळ कल्पनाच मागे पडली.

रिचर्ड रायली (१९११–२००१) यांनी वेल्स यांच्या सहकार्याने बॉल्टिमोर येथील एका रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात निर्णायक प्रयोग केला. क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे नेण्यात आली. रुग्णांशी कोणताही संपर्क नसताना या प्राण्यांना क्षयाची बाधा झाली. जंबुपार किरणांनी शुद्ध केलेली हवा मिळालेले प्राणी मात्र निरोगी राहिले. क्षयरोग जंतुजन्य असला, तरी हवेतील कणांचा हा मार्ग विषाणूंनाही लागू पडतो.

वास्तूंतील साथी : पश्चिम जर्मनीतील मेशेडे येथील रुग्णालयात १९७० मध्ये पाकिस्तानातून परतलेला देवीचा रुग्ण तळमजल्यावर वेगळ्या खोलीत होता. त्याच्याशी समोरासमोर संबंध न आलेल्या वरच्या मजल्यांवरील व्यक्तींनाही देवी झाल्या. धूर सोडून पाहिले असता तो जिन्याच्या मार्गे, तसेच खिडकीतून बाहेर पडून भिंतीलगत वर जाऊन वरच्या खोल्यांत शिरत असल्याचे दिसले. अमेरिकेतील रॉचेस्टरजवळच्या एका शाळेत १९७४ मध्ये एका मुलीपासून १४ वर्गांतील २८ मुलांना गोवर झाला. तीच हवा पुन्हा खेळविणारी वायुवीजन यंत्रणा त्यास कारणीभूत होती. या साथीच्या अभ्यासातून १९७८ मध्ये संसर्गाची संभाव्यता वर्तविणारे वेल्स-रायली समीकरण मांडले गेले. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ मध्ये सार्स रोगाची ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली. न्हाणीघरांतील मोरीच्या नळांचे वळणदार सांधे कोरडे पडले होते. त्यामुळे पंखा सुरू होताच सांडपाण्याच्या नळांतील दूषित कण घरांत ओढले जात.

कोव्हिड-१९ : मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग वायुवाहित नसल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावास आलेल्या ६१ जणांपैकी ५३ आजारी पडले व त्यांपैकी दोघे दगावले. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने प्रसिद्ध झालेल्या निवेदनात हवेतील प्रसाराची दखल घेण्याचे आवाहन करण्यात आले. या वादाच्या मुळाशी एका आकड्याविषयीचा गोंधळ होता. क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचण्यास कण सुमारे ५ मायक्रॉनहून लहान असावे लागतात. हीच मर्यादा पुढे हवेत तरंगणाऱ्या कणांची मर्यादा म्हणून पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. वस्तुतः ५ मायक्रॉनचा कण १·५ मी. उंचीवरून स्थिर हवेत खाली यावयास सुमारे अर्धा तास लागतो. या समजुतीमुळे अंतर राखणे, हात धुणे व पृष्ठभाग पुसणे यांवर भर राहिला आणि खिडक्या उघडण्यासारख्या साध्या उपायाकडे दुर्लक्ष झाले. आरोग्य संघटनेने अपुऱ्या वायुवीजनाच्या जागी हवेतून होणारा प्रसार एप्रिल २०२१ मध्ये स्पष्टपणे मान्य केला.

प्रतिबंध : बाहेरच्या हवेचा पुरेसा पुरवठा, गाळणयंत्रे, खोलीच्या वरच्या भागातील जंबुपार किरण व चांगले बसणारे मुखपट हे मुख्य उपाय होत. वायुवीजन पुरेसे आहे की नाही, हे पाहण्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइडमापक वापरतात. पेटेनकोफर यांची ०·१ टक्का ही मर्यादा त्याकरिता अद्यापही उपयोगी पडते. पिण्याच्या पाण्याची शुद्धता राखणे ही एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक जबाबदारी मानली गेली. वास्तूंतील हवेच्या बाबतीत अशी जबाबदारी अद्याप सर्वत्र स्वीकारली गेलेली नाही.